न्हाणीतला बंब

मच्छिंद्र आबांनी टेम्पोतून तांब्याचा बंब उतरवून घेतला आणि दौंडच्या चर्चमागच्या हॉलमध्ये, बैठक ऐन रंगात असताना, टेबलाशेजारी आणून ठेवला. समितीच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. आणखी एक आला.

चूक समितीचीच होती. स्वयंसेवी अग्निशमन दलाचं संग्रहालय आणि स्मारक उभारायचं ठरलं, तेव्हा गावोगाव फ्लेक्स लागले : 'आपल्याकडे जुना बंब असल्यास संग्रहालयास द्यावा.' समितीला आगीचा बंब हवा होता. लोकांना बंब म्हटल्यावर आंघोळ आठवली. त्यामुळे आग विझवणारा एकही आला नाही, पाणी तापवणारे मात्र येत राहिले. एका बाईंनी तर बदल्यात गिझर मिळेल का, अशी चौकशी केली होती.

बाकीच्यांना चहा पाजून, बंबासकट परत पाठवता आलं. मच्छिंद्र आबांना पाठवणं अवघड होतं, कारण स्मारक त्यांच्याच मुलाचं, रविराजचं होतं. गेल्या उन्हाळ्यात हायवेलगतच्या भंगाराच्या गोदामाला आग लागली तेव्हा दलाची पोरं धावली. रविराजनं आत अडकलेल्या वॉचमनला बाहेर ढकललं, आणि छताचा लोखंडी अँगल त्याच्या डोक्यात पडला.

अध्यक्ष एबनेझर सर मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी आबांना खुर्ची दिली आणि मुलांना अनेकार्थी शब्द शिकवावेत तशा आवाजात खुलासा केला, की फ्लेक्सवरचा बंब म्हणजे लाल गाडी, आणि हा आपला न्हाणीतला. आबा मान हलवत ऐकत राहिले. मग म्हणाले, तेवढं त्यांना फ्लेक्स वाचला तेव्हाच कळलं होतं.

आबांच्या घरी, खुटबावात, फोन वाजला की रविराज मोटारसायकल काढायचा आणि आबा बंब पेटवायचे. कुणाचा ऊस पेटलेला असो नाहीतर कडब्याची गंजी, पोरगा परत यायचा तो काळा होऊन. काजळी साध्या पाण्यानं निघत नाही, कढत लागतं. त्या दिवशीही आबांनी पेटवला होता. पाणी उकळून सांडायला लागलं की ते वरून गार ओतायचे, पुन्हा जाळ घालायचे. निरोप घेऊन माणसं दारात आली तेव्हा आबा अंगणात जळण फोडत होते. त्यांना वाटलं, पोराचे दोस्त आलेत, म्हणजे पाणी जास्त लागणार.

हे सगळं त्यांनी बंबाच्या तोटीकडे बघत सांगितलं. समितीनं टेबलावरच्या नकाशाकडे बघत ऐकलं.

नकाशा सचिव सायलीनं काढला होता. एक भिंत, भिंतीवर रविराजचा फोटो, खाली काचेची पेटी, पेटीत हेल्मेट. या हेल्मेटचा थोडा घोळ होता. दलाकडे हेल्मेट एकच, आणि ते पाहुण्यांबरोबर फोटो काढताना घालायचं, असा प्रघात. आगीवर जाताना पोरं डोक्याला रुमाल बांधायची. पण काचेच्या पेटीत रुमाल बरा दिसणार नाही असं समितीचं मत पडलं, आणि जुनं हेल्मेट तर फोटोंना लागणारच, म्हणून पुण्याहून नवं आणलं. ते फारच नवं दिसत होतं. टेबलाच्या त्या टोकाला रविराजचा जोडीदार पप्पू मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून त्याला जरा अनुभवी करत होता.

आबांनी हात पुढे केला. पप्पूनं हेल्मेट दिलं. आबांनी ते उलटं करून आतल्या गादीवरून अंगठा फिरवला, बोटाच्या पेरानं वरून वाजवून बघितलं.

"हे आत्ता आलंय व्हय?"

पप्पूनं सरांकडे पाहिलं. मग सर म्हणाले की ते प्रतीकात्मक आहे. आबांनी 'प्रतीकात्मक' म्हणजे काय ते विचारलं नाही. उठले, हेल्मेट पप्पूच्या डोक्यावर ठेवलं आणि त्याचा पट्टा, लहान पोराच्या टोपीची नाडी बांधावी तसा, हनुवटीखाली लावला.

"अजून जातूस न्हवं आगीवर? मग डोक्यात असू दे."

पप्पूनं ते उरलेल्या बैठकीत काढलं नाही. काढ म्हणून त्याला कुणी सांगितलंही नाही.

सायलीनं नकाशातलं हेल्मेट खोडरबरानं पुसलं आणि तिथं बंब काढला. तो धुराड्यासकट पेटीत मावेना, तेव्हा तिनं पेटीही पुसली. ठराव कुणी मांडला नाही, अनुमोदन कुणी दिलं नाही. समितीच्या इतिहासात एखादी गोष्ट इतक्या झटपट मंजूर होण्याची ही पहिलीच वेळ असावी.

राहता राहिली पाटी. सरांकडे मजकूर तयार होता. त्यात कर्तव्य होतं, यज्ञकुंड होतं, प्राणांची आहुती होती. आबांनी पूर्ण ऐकून घेतला. चांगला आहे म्हणाले, भिंतीवर लावा. बंबाखाली मात्र वेगळं काहीतरी हवं होतं.

"काय लिहू, आबा?" सायलीनं विचारलं.

आबांनी तोटीवरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"लिवा, पाणी काढलंय."

सायलीनं लिहून घेतलं. कागद सरांकडे गेला. सरांनी चष्मा वर केला, ओठ हलवत वाचलं, आणि आयुष्यभराची सवय आडवी आली.

"यात कर्ता नाही, आबा."

"न्हाई," आबा म्हणाले. "एकच होता."