चटणीची जागा

"चटणीला आजही हात नाही लावलात! कोशिंबीरही तशीच. एवढं वाईट करते का मी?" यांचं ताट उचलताना मी चिडले.

"कुठली चटणी?" हे खरंच गोंधळले.

यांच्या मानेतल्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालं होतं आणि पाठोपाठ मेंदूला हलका झटका आला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं काही त्यांच्या लक्षातच येणार नाही." ते मला आत्ता कळलं.

दुसऱ्या दिवशी जन्मात पहिल्यांदा चटणी उजवीकडे वाढली. यांनी बोटाने चाटली, पुन्हा मागितली.

मी रोजच्यासारखी यांच्या डावीकडे जेवायला बसले होते. माझं ताट उचलून उजवीकडे गेले.

"आज बसलीस होय माझ्याबरोबर?" हे हसले. "दवाखान्यातून आल्यापासून एकटाच जेवतोय मी."