आर्लीनचा आवाज

ट्रेलर झाडाला टेकायला वीतभर अंतर उरलं तरी व्हर्जिल थांबेना, तेव्हा आर्लीनने पत्र्यावर दोन्ही हातांनी दणका दिला. गाडी थांबली.

ती चालत पुढे आली. सत्तावन्न सालच्या फिकट निळ्या शेव्हरोलेच्या खिडकीत नवऱ्याचा चेहरा अगदी शांत होता.

"मी मूठ वर केली होती," ती हळूच म्हणाली.

"दिसली ना. थांबतच होतो."

मूठ तिने केलीच नव्हती. नेहमीसारखा 'थांब'चा पंजा दाखवला होता.

गाडीमागे जोडायची जुनी चाकांवरची घरं, म्हणजे ट्रेलर, बाळगणाऱ्यांचा हा तळ्याकाठचा मेळावा. आधी आलेले घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि मागून येणाऱ्यांची गाडी उलटी घेण्याची कसरत बघतात. मागितल्याशिवाय मदत करायची नाही, हा इथला रिवाज. हसायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. ट्रेलर मागे घेताना भल्याभल्या जोडप्यांची चारचौघांत जुंपते. फक्त या दोघांनी एकेचाळीस वर्षांत एक शब्द उच्चारला नव्हता. ती मागे उभी राहून हात हलवायची, तो आरशात बघायचा, ट्रेलर जागेवर. व्हर्जिलला त्याचा केवढा तोरा!

आज वाटेत दोनदा त्याने रस्त्यावरची पाटी तिला वाचायला लावली होती. तिने उन्हाला दोष दिला होता. आता तिला खरं कारण कळलं. सगळ्यांदेखत त्याला खाली उतरवलं, तर तो या माणसांत पुन्हा पाऊल टाकणार नाही, हे ती ओळखून होती. आणि हातांच्या खुणांवर सोडावं, तर मागे झाड होतं.

ती मागे गेली, कमरेवर हात ठेवले आणि ओरडली, "आधी पुढे घे! अजून! आता ये मागे. डावीकडे! अरे डावीकडे म्हणते मी, तुझ्या आईनं तरी तुला कसं सांभाळलं असेल!"

खुर्च्यांत हशा पिकला. आर्लीनचे कान तापले, पण तोंड थांबलं नाही. "सरळ! हळू, हळू, घाई कसली आहे? बस्स!"

ट्रेलर दोन झाडांच्या मधोमध उभा राहिला.

"चला, एकदाचे तुम्हीही माणसांत आलात!" शेजारचा डॉनी खुर्चीतूनच ओरडला.

"हिला तोंड आहे, हे मलाही आजच कळलं," व्हर्जिल उतरत म्हणाला. पुन्हा सगळे हसले.

मग तो ट्रेलरच्या पत्र्याला हात लावत लावत तिच्यापाशी आला. खुर्च्यांकडे त्याची पाठ होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"यंदाच्या वसंतापासून."

ती रागावणार होती. पण त्याचा हात अजून पत्र्यावरच होता, म्हणून तिने राग गिळला. त्याने खिशातून चावी काढली. या गाडीचं स्टिअरिंग तिने आजवर कधी धरलं नव्हतं. त्याने तिचा हात चाचपून चावी तळव्यावर ठेवली.

"रविवारी परतताना घाट उतरायच्या आधीच दुसरा गिअर टाक," तो म्हणाला. "मागे ट्रेलर असला की ही नुसत्या ब्रेकला दाद देत नाही. कळलं? की मीही ओरडून सांगू?"