माणिकची पिशवी

रविवारी सकाळी टीव्हीच्या अँटेनावरून नंदकुमार आणि माणिक यांचं लग्नानंतरचं पहिलं भांडण झालं. तो गच्चीवरून ओरडत होता, ती खिडकीतून; बोरिवलीतली ती अख्खी बिल्डिंग ऐकत होती. तणतणत नंदकुमार खाली आला, तर माणिक पिशवीत कपडे भरत होती.

लहानपणी त्याच्या घरात भांडण झालं की आई अशीच पिशवी भरून थेट चेंबूरला माहेरी जायची आणि मग महिनाभर वडिलांच्या हातची करपलेली खिचडी.

"माणिक, चुकलं माझं. जाऊ नकोस ना!"

"अहो, असं काय करता? तुमचाही टॉवेल घेतलाय."

"माझा? तुझ्या माहेरी?"

"माहेरी कशाला? मनोरीला! आईशी भांडण झालं की बाबा आम्हाला सगळ्यांना होडीत घालून समुद्रावर न्यायचे. आम्ही पोरं तर भांडणाची वाटच बघायचो. तुमच्याकडे कुठे जायचे?"

संध्याकाळी मनोरीहून परतताना, होडीत, केसांतली वाळू झटकत नंदकुमारने हळूच विचारलं, "पुढच्या रविवारी कशावरून भांडायचं गं?"