परतीची गाडी

“आज आई बाहेर आणि पोरगी आत, नाहीतर ही जागा मला दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल,” बालवाडीच्या बाईंनी दारातच सांगितलं.

बबडीच्या आईचं तोंड उतरलं. तिला शिलाईच्या कारखान्यात काम मिळालं होतं, आणि रोजच्या उशिरापायी ते हातचं जायची वेळ आली होती. पण आई जायला निघाली, की बबडी भोकाड पसरायची. तिचं बघून बाकीची पोरंही सूर धरायची.

आत बसआजोबांची गाडी लागली होती. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस घरी बायकोचं डोकं खाण्याऐवजी रोज इथे फुकट राबायला यायचा. छोट्या खुर्च्यांच्या दोन रांगा, पुढे आजोबा, हातात स्टिअरिंग म्हणून स्टीलची ताटली. लाल तिकीट मिळालं तर लाल खुर्ची, निळं मिळालं तर निळी. बाई तक्ते दाखवून दमल्या होत्या. आजोबांच्या गाडीत पोरं हसतखेळत रंग शिकली. माणूस खरंच गुणी. फक्त तो बबडीच्या आईलाही रोज तिकीट द्यायचा, आणि बाईंना ते मुळीच पटत नव्हतं.

“तुम्ही आईलाच बसवून घेता. मग पोरगी सुटायची कशी?”

“उतारू ढकलून उतरवला तर भांडण होतं, बाई. स्टॉप आला की आपणहून उतरतो,” आजोबा म्हणाले. मग त्यांनी तिकिटांची पिशवी बबडीच्या गळ्यात अडकवली आणि तिच्या हातात घंटी दिली. “आज कंडक्टर तू. तू घंटी दिल्याशिवाय माझी गाडी हलायची नाही.”

बबडीने आधी आईकडे पाहिलं, मग घंटीकडे. थोड्याच वेळात ती रांगांमधून फिरायला लागली. निळं तिकीट घेऊन लाल खुर्चीत बसलेल्या एकाला तिने उठवलंसुद्धा. बाजार आला, दवाखाना आला, पोरं उतरली आणि चढली. रडायला तिला सवडच नव्हती. बाई भिंतीला टेकून नुसत्या बघत राहिल्या.

आईच्या खुर्चीपाशी येऊन बबडी थांबली.

“कारखाना आला. आई, उतर.”

“एक स्टॉप पुढे येऊ दे ना,” आई हळूच म्हणाली.

“नाही. तुझं तिकीट इथपर्यंतच आहे.”

आई उठली, पण तिचा पाय निघेना. बबडीने घंटीचा हात वर करायला पाहिलं, तर तो वर जाईना. लेकीचं मनगट आईने घट्ट धरून ठेवलं होतं. बाईंना ते आज पहिल्यांदाच दिसलं. आजोबांनी मात्र मागे वळूनही पाहिलं नाही.

बबडीने आईची बोटं एकेक करून सोडवली.

“रडू नको,” ती म्हणाली. “संध्याकाळी परतीची गाडी आहे.” आणि तिने घंटी दिली.