वाचता येईल असा कोड

"तुझ्या कोडला वळणच न्हाई," असं आदिनाथ सर लातूरच्या ऑफिसात बुद्धप्रियाला चारचौघांत सुनवायचे. आज कोचिंग क्लासचे मालक आपल्या स्कॉलरशिप परीक्षेचा निकाल लावणारा, सरांनीच लिहिलेला प्रोग्राम बघायला येणार होते. "कोड असा मांड, की त्यांनाबी वाचता यावा," सर म्हणाले.

तिनं एक अक्षर बदललं नाही. स्क्रीनच्या बाहेर पळणाऱ्या सरांच्या लांबलचक ओळी तेवढ्या तोडून एकाखाली एक मांडल्या.

मालकांचं बोट एका ओळीवर थांबलं. "नंबर ४१७ असंल तर वीस मार्क वाढवा? हा तर पहिल्या आलेल्या तुमच्या पोराचा, शिवमचा नंबर."

सर तिच्याकडे वळून पुटपुटले, "ही ओळ कशाला मोकळी केलीस?"

"तीन मार्कांनी पहिला नंबर हुकलेला रविकांत माझा भाऊ हाय, सर."