खात्रीसाठी अजून एक फेरी

दुसानेंनी डोक्यावरचा पट्टा काढला, तशा विमलताई खैरनार यांनी डोळे उघडले. "साहेब, लेकीचा फोन आला का हो?"

दुसाने सातपूरच्या त्या कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळत. मोजणाऱ्यांचा हात भरवशाचा आहे, हे ग्राहकाला दर महिन्याला नव्याने पटवावं लागे. तेच दहा शाफ्ट, त्याच माणसाने, तीन फेऱ्यांत मोजायचे. आधीचा आकडा आठवून पुढचा तसाच लिहिला जाऊ नये, म्हणून आता प्रत्येक फेरीनंतर पट्टा लावून मोजणाऱ्याच्या डोक्यातला मागचा तासभर पुसून टाकायचा, असा ग्राहकाचा हुकूम होता.

"आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

विमलताई मटकन स्टुलावर बसल्या. अॅप्रनच्या टोकाने डोळे पुसले, मग हसल्या. "नाक कुणावर गेलंय, विचारलंत का?"

"तुमच्यावर."

सकाळपासून हे तिसऱ्यांदा. पहिल्यांदा सांगताना दुसानेंनी पेढे मागवले होते. दुसऱ्यांदा उरलेले पुढे केले होते. आता खोका रिकामा होता, पण फेऱ्याही संपल्या होत्या. यावेळचं तरी त्यांच्या लक्षात राहणार होतं.

तेवढ्यात पडद्यावर ग्राहकाची मेल आली. आकडे उत्तम आहेत, खात्रीसाठी अजून एक फेरी करावी.

दुसानेंनी शाफ्टचा ट्रे पुढे सरकवला. विमलताईंनी मायक्रोमीटर उचलला आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"साहेब, एवढी गोड बातमी, आणि असा सुतकी चेहरा करून काय सांगताय?"