अर्धा सूर

उद्याच्या कार्यक्रमात धाकट्याला चार आवर्तनं मिळायची होती. घड्याळ लावलं तर वीस सेकंद. तेवढा वेळ बाकी सगळे गप्प, आणि त्याची बेस गिटार एकटी. चौदा वर्षांत पहिल्यांदा. वीस सेकंदांत माणूस मोठा होत नाही, पण बायकोला उत्तर देऊ शकतो. ती दर कार्यक्रमानंतर म्हणायची, "सगळं छान झालं हो. पण यातलं तुमचं कुठलं, ते एकदा दाखवा तरी." उद्या ती दुसऱ्या रांगेत बसणार होती.

आज शेवटची तालीम, छापखान्याच्या वरच्या खोलीत. दादांनी, म्हणजे थोरल्या भावानं, माइक हातात घेतला. मास्तरांनी कीबोर्डवर सूर दिला. धाकट्यानं आपली सगळ्यात जाडी तार छेडली.

खोलीत कुणीतरी फरशीवरून लोखंडी कपाट ओढल्यासारखं झालं.

"धाकट्या," दादा थांबले, "तारा लावल्यास, की पिशवीतून काढल्यास तशाच?"

धाकट्यानं तारा लावायचं यंत्र बघितलं. हिरवा दिवा. चारही तारांना हिरवा.

"लावल्यात की."

"मग वाजव की."

वाजवलं. पुन्हा कपाट ओढलं गेलं.

त्यानं डॉक्टरांकडे बघितलं. दिवसभर लोकांचे दात काढून डॉक्टर संध्याकाळी गिटार धरत. त्यांची बोटं नेहमीच्याच जागी होती. मास्तरांची बोटंही पांढरी तीन या पट्टीवर, जिथं हे गाणं इतकी वर्षं सुखानं नांदत होतं. डोळ्यांनी बघावं तर सगळं जागच्या जागी. कानांनी ऐकावं तर सगळं अर्धा सूर खाली. यंत्र खरं, मास्तर खरे, डॉक्टर खरे. खोटं कोण याचा हिशेब केला की एकच नाव उरत होतं. वडिलांचे कान पन्नाशीत गेले होते. धाकट्याला पन्नासावं चालू होतं.

तिसऱ्या खेपेला तो बाकीच्या तारांवर गुपचूप गिटारीच्या दांडीवरचं एकेक घर खाली सरकला. जुळलं. पण जाड्या तारेला खाली घरच नव्हतं. ती मोकळी वाजवली की तिथं गिटार संपत होती, आणि त्याची चारही आवर्तनं त्या मोकळ्या तारेवरच उभी होती. त्यानं खुंटी पिळून ती तार अर्धा सूर ढिली केली. यंत्र लाल झालं, सूर जुळला, आणि बोटांचा गोंधळ उडाला: एका तारेवर जुनीच घरं, बाकीच्यांवर एक घर खाली. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं दर ओळीला होऊ लागलं. दादा मात्र आज रंगात होते. शेवटच्या अंतऱ्यातला वरचा सूर त्यांनी फुलासारखा उचलला. मग फोन वाजला म्हणून ते जिन्यात गेले.

"मास्तर," धाकटा हळूच म्हणाला, "माझे कान गेले का हो?"

मास्तरांनी दाराकडे बघितलं. "कान ठीक आहेत रे. पट्टी उतरवलीय. मी बटण दाबलंय, डॉक्टरांनी तारा उतरवल्यात. बोटं तीच, सूर खाली. वर जाताना दादांचा गळा फाटतो हल्ली. उद्या भरल्या सभागृहात फाटला, तर पुन्हा म्हणून माइक धरायचे नाहीत."

"आणि मला कोण सांगणार?"

"एका घरात राहता तुम्ही. तुझ्या पोटात काही राहतं का?"

"याला सांगितलंत?" त्यानं ड्रमच्या मागं बसलेल्या, फरश्यांचं दुकान चालवणाऱ्या फरशीवाल्याकडे बोट केलं.

"मला कालच कळलं," फरशीवाला म्हणाला.

"तुला सुराचं काय करायचंय?"

"म्हणून तर पोटात राहिलं."

डॉक्टर इतका वेळ गिटारीवरची धूळ पुसत होते. "खरं सांगू का," ते वर न बघता म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुझं कुणाला ऐकू येतंय? चालून जाईल."

धाकट्याला रागवावं की हसावं ते कळेना. चौदा वर्षांत आज पहिल्यांदा त्याचं वाजवणं खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू गेलं होतं. तेही, तो एकटाच बरोबर होता म्हणून.

दादा परत आले ते गुणगुणतच. "ऐकलात ना तो अंतरा? वीस वर्षांपूर्वीचा गळा परत आला!" मग ते धाकट्याजवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज खाली आणला. "तुला मात्र आज काय झालंय? उद्याचं तुझं एकट्याचं राहू दे. सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर."

मास्तर, डॉक्टर आणि फरशीवाला, तिघंही धाकट्याच्या तोंडाकडे बघत राहिले. एका वाक्याचं काम होतं. वाक्य पुरतं जमलं होतं, ओठापर्यंत आलंही होतं. दादांचा हात अजून खांद्यावरच होता, आणि तो गरम होता.

"हो दादा," धाकटा म्हणाला. "सकाळपासून कानात जरा घूं घूं होतंय."

बोलून झाल्यावर त्याला खरंच तसं वाटू लागलं.

"बघ! मला कळलंच." दादा माइककडे वळले. "मास्तर, त्याची ती चार आवर्तनं मी घेतो. वरच्या सुरावर आलाप. आज गळा कसा चाललाय!"

मास्तरांचा हात बटणाकडे गेला. "मग… एकदा सगळेच तारा नीट लावून घेऊ."

"घ्या, घ्या. त्याच्या नादानं तुमच्याही बिघडल्या असतील."

आणखी अर्धा सूर उतरायला मास्तरांचं एका बटणावर भागलं. डॉक्टरांना सहा खुंट्या पिळाव्या लागल्या. फरशीवाल्यानं खिशातून बडीशेप काढून तोंडात टाकली. धाकट्यानं बाकीच्या तिन्ही तारा अख्खा सूर उतरवल्या, मग जाडीला हात घातला. आधीच ढिली झालेली ती तार आणखी अर्धा सूर खाली आली, आणि बोट लावलं तेव्हा कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी नुसती हलली. आवाज असा आलाच नाही. त्याच्या तळपायांना तेवढी फरशी किंचित थरथरल्यासारखी वाटली.